मीठ चढलं

डॉक्टरीणबाईंनी बदकाचं पिल्लू तळहातावर उताणं धरलं, पायाच्या सांध्यावर अंगठा दाबून पाहिला आणि बोलल्या, "काका, हे मीठबीठ काही नाही. हे तुमच्यामुळं झालंय." रागानं नाय बोलल्या. पाऊस उघडला असं सांगावं तशा बोलल्या, पिल्लू टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेल्या. पिल्लू पाय फाकवून पोटावर बसलं. बाहेर ओट्यावर एक बाई शेळी धरून बसली होती, शेळी खोकत होती. माझ्या चपलेत सकाळपासून खडा होता, तो मला त्या घडीला टोचायला लागला. मी उभाच राहिलो. वाकून खडा काढायचं पण सुचलं नाय.

अकरा पिल्लं होती. मिठागर सुटलं, हरेशला, म्हणजे माझ्या पोराला, नागोठण्याच्या बाजूला कंपनीत शिफ्ट लागली, त्यानं पेणात दोन खोल्या घेतल्या आणि आम्हा नवरा-बायकोला खाडीवरनं उचलून आणलं. मला इथं काय काम? खिडकीतनं रिक्षा बघायच्या. म्हणून वडखळ नाक्यावर एकजण टोपलीत बदकाची पिल्लं घेऊन बसला होता, त्याच्याकडनं आणली. बायजाबाई, माझी बायको, बोलली, "राखा आता बदकाची पोरं. सोताची राखून झाली." तिच्या बोलण्यात काटा असतो, मासळीतल्यासारखा, गिळल्यावर कळतो. तवा मी हसलो. पयला आठवडा पिल्लं मागच्या चरीत जायची. ती चर खाडीला मिळते, भरतीला खारं पाणी चढतं. चिखलात चोची घालायची, किडे, शेवाळ, बारकी कोलंबी, घावंल ते गिळायची. मंग एक दिवस त्यातलं एक लंगडलं. आता वाटतं, कुठं दगडात मुरगळलं असंल. पण मी उचललं, पाय चेपला, आणि माझ्या तोंडातनं शब्द आला, शिंक यावी तसा. मीठ चढलं.

हा शब्द पेणात कोणाला ठाव नाय. आमच्या बांधावरचा शब्द हाय. खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून माणसाचे पाय फुटतात, तळवा चामड्यासारखा होतो. आमची म्हातारी बोलायची, मीठ तळव्यातनं आत जातं, हाडातनं वर चढतं, हाड मऊ करतं, मंग हाड वाकतं. त्याच्यावर इलाज एकच, चढलेलं मीठ उतरवायचं. माणूस बांधावरनं उचलायचा, उन्हातनं आत घ्यायचा. मीठ बंद. सुकी मासळी बंद, कारण सुक्यात मीठ. अळणी पेज आणि काळोख. माझ्या बापानं मला सांगितलं, त्याच्या बापानं त्याला. शाळेत आमच्यातला कोण गेला नाय, ही आमची शाळा. तर मी काय केलं, अकराच्या अकरा पिल्लं उचलली, हरेशच्या रंगीत टीव्हीचा खोका पडला होता त्यात घातली, आणि खोका मोरीजवळच्या काळोखात ठेवला. गोडं पाणी, आणि दुकानात मिळतं ते कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य. पंधरा दिवसांत एकाची अकरा झाली. कोण गुडघे टेकून सरपटतंय, कोण उठतंय आणि बाजूला कलंडतंय. मी रोज सकाळी खोक्यात तोंड घालून बोलायचो, उतरंल, उतरंल. जेवढं चढलंय तेवढं उतरंल.

"बदक म्हणजे कोंबडी नव्हे," डॉक्टरीणबाई हात पुसत बोलल्या. "बदकाच्या पिल्लाला एक जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा दुपटीनं लागतं. ते त्याला चिखलातनं मिळत होतं. तुम्ही तेच बंद केलंत."

"पण खातात बाई. पोट तट्ट असतं."

"पोट भरतं. पाय भरत नाहीत." त्या चिठ्ठी लिहीत होत्या. "नायसिन म्हणतात त्याला."

"नाय-सिन," मी बोललो. "नावातच नाय हाय."

त्या हसल्या. वयानं पुतळीपेक्षा लहान असतील. पुतळी माझी थोरली. मंग एकेक पिल्लू उचलून त्यांनी मला दाखवलं, मी कोण शिकाऊ असावा तसं. सांधा सुजतो, ही पयली खूण. मंग पाय बाहेरच्या अंगाला धनुष्यासारखा वळतो. मंग पिल्लू उभं राहायचं सोडून बसूनच खातं, आणि माणसाला वाटतं आळशी हाय. पयल्या खुणेला धरलं तर चार-आठ दिवसांत उठतं. औषधाचे थेंब पाण्यात, यीस्टच्या गोळ्या कुटून खाद्यात, वरनं सुकट कुटून, आणि पुन्हा चरीत सोडायची. उन्हात. "नऊ उठतील," त्या बोलल्या. "ह्या दोघांचं हाड बसलं. जगतील, पण सरळ नाही चालणार. उशीर झाला." मी खोका उचलला. दारापर्यंत गेलो आणि परत आलो. बोललो, "बाई, माणसाच्या पोराचं असंच असतं?" त्या बोलल्या, माणसाचं जीवनसत्त्व वेगळं, पण रीत तीच. लहान पोराला ऊन पायजे, मासळी, अंडी, दूध पायजे. काळोखात कोंडून नुसत्या पेजेवर ठेवलं तर पाय वाकणार. वेळेत धरलं तर सरळ होतात. मंग त्यांनी वर बघितलं. "का? आहे का कोणी घरात?" मी बोललो, "नाय. असंच."

असंच नव्हतं. गणपतीला पुतळी रोह्याहून आली होती, पोरीला घेऊन. भूमिका. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर झालेली पोर. सव्वा वर्षाची होती आणि चालत नव्हती. भिंत धरून उभी राहायची, पाय थरथरायचे, बसायची. मी तिला मांडीवर घेतलं, पाय चेपला. सगळे बसले होते, हरेश, त्याची बायको, शेजारची काशीबाई आरतीला आली होती ती. मी बोललो, "पुतळे, हिला मीठ चढतंय गो. सुक्याच्या ढिगात घेऊन बसतेस हिला बाजारात. आत ठेव. सुकं देऊ नको, अळणी पेज दे, दिवाळीपर्यंत उतरंल." पुतळीनं माझ्याकडं बघितलं. "बरं बाबा," बोलली. मला किती बरं वाटलं ते मीच जाणतो. ह्या पेणात मला कोण काय विचारीत नाय. टीव्हीचं बटण पण नातू मला हात लावू देत नाय. आणि पुतळी बरं बाबा बोलली. त्या गोष्टीला आता चार महिने झाले. खोका छातीशी धरून मी पेणच्या नाक्यावर उभा होतो, आत पिल्लं खसखस करीत होती, आणि मी बोटं मोजत होतो. भादवा, अश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. हाड किती महिन्यांत बसतं ते मी बाईंना विचारलं नव्हतं.

घरी आलो. बायजाबाईनं चिठ्ठी बघितली, तिला पण वाचता येत नाय, तरी उलटसुलट करून बघितली. "काय बोलली डॉक्टरीण?" मी बोललो, "गोळ्या कुटून घाला बोलली. आणि सुकट." तिचा हात थांबला. "सुकट," ती बोलली, शब्द तोंडात घोळवावा तसा. "काळोखात नाय ठेवायची?" मी बोललो, "उन्हात सोडायची." "बरं," ती बोलली. पुतळीसारखंच, त्याच आवाजात. उठली, फळीवरचा सुकटीचा डबा काढला, जवळा तव्यावर टाकला आणि हलवायला लागली. खमंग वास सुटला. तो वास नाकात गेला आणि माझ्या उजव्या हाताला मुंग्या आल्या. हात विसरत नाय. माणूस विसरतो.

पुतळी तेव्हा दोन-अडीच वर्षांची. आमचं खोपटं बांधावर, पेंढ्यानं शाकारलेलं, दार एक, खिडकी नाय. पोर दिवसभर मिठागरात आमच्या पायात पायात असायची. एके दिवशी लंगडत आली. आता, ह्या तव्यासमोर बसून, मला वाटतं शिंपला लागला असंल. तवा मी पाय चेपला आणि तो शब्द बोललो. दोन वर्षं मी तिला आत ठेवली. दाराला आडवी फळी लावायचो, गुराला लावावी तशी. सकाळी पेज, दुपारी पेज, रात्री पेज. पयल्या वर्षी ती फळीपाशी उभी राहून हाका मारायची. दुसऱ्या वर्षी बसून मारायची. मला तेव्हा वाटलं, मीठ लई चढलंय, अजून उतरवायला पायजे. जेवढे पाय वाकत गेले तेवढा मी घट्ट होत गेलो. आता कोण विचारंल, तुला दिसत नव्हतं? दिसत होतं ना. जे दिसत होतं त्याला नाव होतं माझ्याकडं. नाव असलं की माणूस बघायचं बंद करतो. आणि एके दुपारी ओहोटीला काम लवकर सुटलं, मी बांधावरनं येत होतो, आणि वास आला. भाजलेल्या जवळ्याचा. बायजाबाई फळीपाशी उकिडवी बसली होती. फळी काढलेली. पोर उन्हात, तिच्या मांडीवर, वाटीतला जवळा मुठीनं खात होती, नाकाला, गालाला लागलेला. मी वाटी हिसकली आणि खाडीत फेकली. मंग बायजाबाईला मारली. एकदाच, उजव्या हातानं. ती बोलली, "ओ, तिला बरं वाटतंय त्यानं. आठ दिस देते मी, बघा, उभी रायली काल." मी बोललो, "तू पोरीचे पाय घालवशील." हे मी बोललो. तिला. त्यानंतर तिनं जवळा दिला नाय. माझ्यासमोर काय, पाठीमागं पण नाय, कारण मी फळीला सुतळीची गाठ मारायला लागलो, माझी गाठ मला ओळखू यायची.

पुतळी त्या खोपटातनं बाहेर आली ती दोन्ही पाय कमानीसारखे घेऊन. गावातली पोरं तिला बदक बोलायची. मी पोरांच्या मागं काठी घेऊन धावायचो. पुढं जाऊन बिजवर मिळाला रोह्याचा, माणूस बरा हाय, दारू नाय, शिवी नाय. पण पुतळीसोबत कुठं जायचं झालं तर मी नेहमी पुढं चालायचो. चार पावलं पुढं. लोक समजायचे बापाची चाल भराभर हाय.

सकाळी बायजाबाईनं विचारलं, "कुठं निघाला?"

"रोह्याला."

"कशाला?"

"असाच. पोरीला बघून येतो."

तिनं पिल्लं चरीच्या काठाला सोडली होती, ती दोन हाड बसलेली पदरात घेऊन बसली होती. "या बघून," बोलली. "चांगली बघून या." तिच्या तोंडावर काय होतं ते मला वाचता आलं नाय. मला एसटीची पाटी पण वाचता येत नाय.

पेणहून रेल्वेत बसलो. गाडी रिकामी होती, खिडकीशी बसलो आणि बोलायचं काय ते जुळवायला लागलो. पुतळे, डॉक्टर बोलले, सुकं दे. असं सांगितलं तर ती विचारणार, कोण डॉक्टर, कोणाचा डॉक्टर. बदकांचा. ते नको. पुतळे, आता शहाण्या लोकांनी नवीन शोध लावलाय. म्हणजे आधी कोणालाच ठाव नव्हतं, माझा एकट्याचा दोष नाय. हे बरं होतं. नागोठणं येईपर्यंत मला हे बरं वाटलं. मंग तव्यावरचा वास आठवला. एकीला ठाव होतं. अडाणी बाई, माझ्यापेक्षा अडाणी, तिला नाव ठाव नव्हतं, खूण ठाव होती. उभी रायली काल. आणि भूमिकेचं सांगायचं तर पुतळीचं सांगायला लागणार, एकाचा धागा ओढला की दुसऱ्याची गाठ सुटणार. ह्या पोरीला ऊन दे म्हणजे तुला मी काळोख दिला. निडीला गाडी उभी राहिली. क्रॉसिंग होतं. मी उतरलो. खरं सांगतो, उतरलो. फलाटावर उभा राहिलो, बोललो, उलटी गाडी येतेय तिच्यात बसावं, हरेशला फोन करायला लावावा, तो सांगंल, तो शिकलाय, त्याच्या तोंडातनं ते नुसतं सांगणं होईल. तेवढ्यात एक बाई भाजीची पाटी घेऊन आली, बोलली, "आबा, चढा वर, पाटी घ्या जरा." मी चढलो, पाटी वर घेतली, आणि गाडी सुटली. ती बाई बोलली, "देव बरं करो तुमचं." मी रोह्यापर्यंत तिच्याकडं बघितलं नाय.

रोह्याच्या बाजारात पुतळी सुकं विकते. बसून करायचा धंदा, तिच्या पायाला सोसतो. गोणपाटावर बोंबील, जवळा, सोडे, ढीग ढीग. ज्याच्या वासापासून मी तिला लांब ठेवली त्याच्यातच तिचं पोट हाय, हे मला आधी कंदी दिसलं नव्हतं, आत्ता लांबनं दिसलं. तिनं मला बघितलं आणि हातातला तराजू खाली ठेवला.

"बाबा? आईला बरं हाय ना?"

"हाय. बरी हाय."

"हरेशचं काय?"

"काय नाय गो. असाच आलो. भूमिका कुठं? घरात ठेवलीस?"

"घरात कशाला? ही काय." तिनं मागं हात केला. दोन गोणींच्या मधून एक मांजर पळालं आणि त्याच्या मागून भूमिका. धावत. हातात अर्धा चघळलेला बोंबील, तोंडाला लाळ, अंगात झबलं, खाली उघडी, आणि दोन पाय. मी पायच बघितले. सरळ, पोटऱ्या भरलेल्या, उन्हानं काळ्या पडलेल्या. 

"चालते ही," मी बोललो.

"दसऱ्याच्या आधीच लागली चालायला. उशिरा चालली येवढंच. आमच्यातली पोरं उशिरा चालतात, आई बोलली."

"अळणी पेज दिलीस ना? मी सांगितलं ते?"

पुतळी माझ्याकडं बघत राहिली. मंग तिला आठवलं. तिला आठवायला लागलं, हे मला लागलं. "अगो बाई, ते व्हय," ती बोलली. "नाय बाबा. एक दिस पन नाय दिली."

"बरं बाबा बोललीस."

"बोलली. सगळे बसले व्हते, तुमाला खाली कशाला पाडू?" ती माशी हाकलीत होती, खजुरीच्या झाडणीनं. "तुमचं औषध एकदा झालं ना घरात. पुरं झालं."

मी उकिडवा बसलो. जुळवलेलं सगळं तोंडात होतं, गाडीभर जुळवलेलं, आणि त्याला कुठं ठेवायला जागा नव्हती. बोललो, "तुला कोण बोललं?"

"आईनं सांगितलं."

"कंदी?"

"लग्नात. हळद लावताना. पायाला लावीत व्हती, सगळ्या बाया गात व्हत्या, ती कानात बोलली, तुला पोर झाली तर बापाचं औषध करू नको. त्याला मीठ चढलं बोलू दे. तू आपली ऊन दे आनि जवळा दे." तिनं झाडणी खाली ठेवली. "मी तवाच विचारलं तिला, माझं काय झालं व्हतं. ती बोलली, काय नाय. शिंपला लागला व्हता."

बारा वर्षं. बारा वर्षं दोघींना ठाव होतं आणि मी त्या घरात मीठ चढतंय बोलत फिरत होतो, आणि त्या बरं बोलत होत्या. मी बोललो, "मंग मला कोणी का नाय सांगितलं?" माझा आवाज वर गेला असंल, कारण पलीकडची कोळीण बघायला लागली. पुतळी तशीच बोलली, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशी, "सांगून माझे पाय सरळ व्हनार व्हते? तुमी वाटी फेकली असती, दुसरं काय." मंग बोलली, "बाबा, सरका जरा. गिऱ्हाईक हाय."

मी सरकलो. एका बाईनं सोडे घेतले, घासाघीस केली, गेली. भूमिका माझ्यापाशी येऊन उभी राहिली आणि चघळलेला बोंबील माझ्या तोंडाला लावला. मी तोंड उघडलं. खारट होता. पुतळीनं विचारलं, "पन आलात कशाला ते सांगितलं नाय."

"बदकांला सुकट पायजे होती," मी बोललो. "डॉक्टरीण बोलली घाला."

"पेनला सुकट नाय मिळत?"

"मिळते. अशी नाय मिळत."

तिनं वर्तमानपत्राचा मोठा तुकडा घेतला, जवळा भरला, दोन ओंजळी वरनं घातल्या. बदकांची चौकशी केली. मी सांगितलं, अकरा हायत, नऊ उठतील, दोघांचं हाड बसलं. पुडी बांधताना तिचा हात थांबला नाय, तिच्या आईचा थांबला तसा. "त्या दोघांला पन घाला यातलं," ती बोलली. "उठनाऱ्यांलाच नका घालू. हाड बसलं तरी भूक लागते."

मंग ती बोलली, चहा सांगते, बसा, आणि हात टेकून उठली. चहावाला बाजाराच्या पार त्या टोकाला. ती निघाली, आणि मी मागं बसलेला होतो, आयुष्यात पयल्यांदा तिच्या मागं. अशी चालते ती. एक खांदा खाली, मंग दुसरा खांदा खाली, अख्खं अंग ह्या बाजूला टाकायचं, तिथनं उचलून त्या बाजूला टाकायचं, एक पाऊल म्हणजे एक काम. भूमिका तिच्या पुढं धावली, आईला मागं टाकून. पुतळीनं चालायला सोपं पडावं म्हणून साडी गुडघ्यापर्यंत खोचली होती. तिच्या दोन पायांच्या मधली जागा केवढी होती ते मला तवा दिसलं, कारण त्या जागेतनं मला पलीकडचं सगळं दिसत होतं, बाजार, ऊन, आणि उन्हात पळणारे ते दोन सरळ पाय.